रूळ उठल्यावर काय उरते?
बार्शी लाईट, मीटरगेज आणि मराठवाड्यातील रेल्वेच्या जुन्या वास्तू

लातुरात एखाद्या दुकानाचा किंवा दवाखान्याचा पत्ता विचारला, की उत्तरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हे शब्द अजून येतात. पाट्यांवर ते लिहिलेले असतात, लग्नपत्रिकेतल्या स्थळातही सापडतात. रूळ मात्र तिथे नाहीत. आज विशीत असलेल्या लातूरकराला तिथून गाडी गेल्याचे आठवणेही कठीण. तरी पत्ता सांगताना तो तेच नाव घेतो. गाडी गेली, रूळ गेले, सिग्नल गेले, आणि नाव राहिले.

नावाबरोबर आणखी काय राहिले, त्याचे आपण काय केले आणि काय करता आले असते, हा या लेखाचा विषय आहे. मी नांदेडला विजेच्या मोटारी भरून देण्याचे दुकान चालवतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. विहिरीवरच्या मोटारींच्या निमित्ताने नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत हिंडणे झाले, आणि हिंडताना रेल्वेच्या सोडून दिलेल्या जागा दिसत गेल्या. जुनी वेळापत्रके, गॅझेटियर, निजामकाळातले अहवाल आणि निवृत्त रेल्वे कामगारांच्या गप्पा यांतून जे जमत गेले, ते आता एका ठिकाणी मांडतो.

रेल्वे हटली की तिच्यामागे तीन प्रकारच्या गोष्टी उरतात. पहिली, इमारती: स्टेशन, गोदाम, लोकोशेड, कामगारांच्या चाळी. दुसरी, पाण्याच्या सोयी: विहिरी, टाक्या, पंपघरे. तिसरी म्हणजे जमिनीचा तो लांबच लांब, अरुंद, अखंड पट्टा, ज्यावरून गाडी धावत होती. वारसा म्हटले की आपले लक्ष पहिल्या प्रकाराकडे जाते, कारण इमारतीचा फोटो निघतो. मराठवाड्यापुरता माझा निष्कर्ष वेगळा आहे. इथे सर्वांत मोलाचा पट्टा, त्याखालोखाल पाणी आणि मग इमारत. आपण मात्र नेमक्या उलट्या क्रमाने विचार करतो, आणि पट्ट्याची पाळी येईपर्यंत पट्टा उरत नाही.

एकवीस मैलांची सुरुवात

बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती, पण जी.आय.पी. रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तिला टाळून गेला. बार्शीकरांच्या वाट्याला आले ते ‘बार्शी रोड’ नावाचे स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी. तिथपर्यंत माल बैलगाडीने न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या स्वस्त, हलक्या, अरुंद रेल्वे बांधाव्यात, हा विचार त्याने धरून ठेवला. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली गेली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी या एकवीस मैलांवर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी सुरू झाली.

कॅलथ्रॉपची युक्ती साधी होती. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार असा सारखा वाटला, की रूळ हलके चालतात, आणि रूळ हलके म्हणजे खर्च कमी. बार्शीला त्याने यार्डाला फक्त तीस पौंड वजनाचे रूळ टाकले. ही सगळी सामग्री इकडे पाठवण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ तात्पुरता मार्ग टाकून जाणकारांना चालवून दाखवली होती. पुढे नॅरोगेज रेल्वेचा नमुना म्हणून बार्शी लाईटचे नाव देशाबाहेरही घेतले जाऊ लागले.

हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला पोचला आणि वारकऱ्यांची गाडी झाला. दुसऱ्या बाजूने १९०७ मध्ये तो निजामाच्या मुलखात तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ मध्ये लातूरला टेकला. १९२७ मध्ये पंढरपूरकडून मिरजेपर्यंतचा टप्पा पुरा झाला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. मिरज ते लातूर असा २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग तेव्हा तयार झाला होता. एका खासगी कंपनीची ही रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ताब्यात घेतली.

लातूरसाठी १९११ हे साल किती महत्त्वाचे, ते गंजगोलाईकडे पाहिले की कळते. सोळा रस्ते एकत्र येणारी ती गोल पेठ नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली, आणि मधली दुमजली इमारत १९१७ मध्ये उभी राहिली. रेल्वे आल्यानंतर सहा वर्षांनी. तूर, करडई, भुईमूग, ज्वारी यांची पोती आडतीवरून थेट गाडीत चढू लागली, तेव्हा एवढ्या मोठ्या पेठेची आखणी परवडू लागली. लातूरची डाळ आणि लातूरची बाजारपेठ यांची ख्याती पुढे जी पसरली, तिच्या मुळाशी अडीच फुटांचा हा मार्ग आहे.

मीटरगेजचे नांदेड

नांदेडची गोष्ट वेगळी आहे. इथली रेल्वे निजामाच्या राज्याची. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असा सिकंदराबादपर्यंतचा मीटरगेज मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला. लांबी सुमारे ३९० मैल. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे आणि मुदखेडहून किनवट-आदिलाबादकडे फाटे निघाले. परळी ते विकाराबाद मार्ग मात्र निजामाने ब्रॉडगेज बांधला. उदगीर आणि लातूर रोड त्याच्यावर आहेत. म्हणजे आजच्या लातूर आणि नांदेड या शेजारच्या दोन जिल्ह्यांत तीन रुंदींचे रूळ होते, आणि ते एकमेकांना लागत नव्हते. लातूर आणि लातूर रोड ही दोन स्टेशने नावाने बहिणी. पण एक नॅरोगेजवर, दुसरे ब्रॉडगेजवर. बाहेरगावचा माणूस यात हमखास गोंधळायचा.

१९९०च्या दशकात मनमाडकडून रुंदीकरण सरकत आले. पूर्णा-अकोला टप्पा २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. या रुंदीकरणात बहुतेक ठिकाणी नवे रूळ जुन्याच भरावावर किंवा त्याला लागून पडले. त्यामुळे नांदेडकडे पट्टा रेल्वेच्याच कामात राहिला. रिकामे पडले ते मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांसाठी उभारलेले सारे काही. पूर्णा हे त्याचे ठळक उदाहरण. तीन दिशांचे मार्ग एकत्र येणारे जंक्शन, लोकोशेड, शेकडो कामगार, त्यांची वसाहत, शाळा, क्लब. वाफेचे इंजिन चालवायला माणसे लागतात: कोळसा भरणारी, राख काढणारी, बॉयलर धुणारी, तेल घालणारी. डिझेल इंजिनाला त्यांतली बरीचशी लागत नाहीत. माणसे गेली, तशी घरे ओस पडली. २००३ मध्ये नांदेड हा स्वतंत्र रेल्वे विभाग झाला आणि कचेऱ्यांचे वजन नांदेडकडे आले.

मीटरगेजच्या मोडतोडीतून एक पुनर्वापर मात्र लोकांनी कोणी न सांगता केला. भंगारात निघालेल्या रुळांचे तुकडे लोकांनी घराच्या छताला तुळई म्हणून टाकले आणि वर शहाबादी फरशी बसवली. मराठवाड्यात अशी घरे, गोठे, दुकाने जागोजागी आहेत. लाकडी स्लीपरच्या चौकटी झाल्या, ओट्याच्या पायऱ्या झाल्या. संशोधकाला याचा एक फायदा होतो. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याचे नाव आणि घडणीचे साल उठवलेले असते. रंगाचे दोन-तीन थर खरवडले, की साल वाचता येते. मोटार उतरवायला एखाद्याच्या शेतात गेलो, की मी आधी गोठ्याच्या छताकडे पाहतो. मालकाला वाटते, कारागीर पाल शोधतोय.

गंमत बाजूला ठेवू. या पुनर्वापरातून एक गोष्ट कळते. जे सुटे करून नेता येते, त्याला नवे आयुष्य आपोआप मिळते, कारण त्याला गिऱ्हाईक असते. रूळ, स्लीपर, लोखंडी खांब, दगड. जे सुटे करता येत नाही, म्हणजे विहीर आणि पट्टा, त्याला गिऱ्हाईक नसते. ते सार्वजनिक असते, आणि म्हणून त्याच्यासाठी कोणीतरी सार्वजनिक निर्णय घ्यावा लागतो.

विहिरीने केलेले काम

वाफेचे इंजिन कोळशाइतकेच पाण्यावर चालते. बार्शी लाईटचे इंजिन स्वतःच्या अंगावरच्या टाक्यांत पाणी वाहायचे. ते फार दूर पुरत नसे. म्हणून ठरावीक अंतरावर विहीर, पंप, उंच टाकी आणि सोंडेसारखा नळ अशी व्यवस्था रेल्वेला ठेवावीच लागे. अवर्षणाच्या मुलखात हे सोपे नव्हते. जिथे पाणी लागेल तिथे, खर्चाकडे न पाहता, रेल्वेने विहिरी खोदल्या किंवा असलेल्या विहिरी घेतल्या. दगडी बांधणीच्या या विहिरी साध्या शेतविहिरीपेक्षा मोठ्या. मोटारीच्या धंद्यामुळे मला विहिरीचे मोल लवकर कळते. पन्नास फुटांची चांगली बांधीव विहीर आज नव्याने खोदायची म्हटली, तर ग्रामपंचायतीला घाम फुटतो.

अशा जुन्या रेल्वे व्यवस्थेचे मोल २०१६च्या उन्हाळ्यात सगळ्या देशाने पाहिले, फक्त त्या अंगाने पाहिले नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूर शहराला नळाने पाणी देणे बंद झाले. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचे ठरले. राजस्थानातल्या कोटा येथील कारखान्यात टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन स्वच्छ केल्या आणि मिरजेला आणल्या. कृष्णेचे पाणी रेल्वेच्या जुन्या पाणीव्यवस्थेतून, मिरज स्टेशनच्या आवारातील हैदरखान विहिरीच्या पंपघराकडून, या वाघिणींत भरले गेले. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. २० एप्रिलला पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाख लिटर घेऊन. ‘जलदूत’ हे तिचे नाव घराघरांत गेले. लातूर स्टेशनजवळच्या विहिरीत हे पाणी उतरवून तिथून पुढे शुद्धीकरणासाठी नेले जात होते.

आता नकाशा पाहा. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. अंतर ३४२ किलोमीटर. हा कॅलथ्रॉपच्या कंपनीचा मिरज-लातूर मार्गच आहे. रुंदीकरणात काही ठिकाणी बदलला, धाराशिवला वळसा मिळाला आणि थोडा लांबला. १८९७ मध्ये कापसासाठी सुरू झालेल्या मार्गाने एकशे एकोणीस वर्षांनी एका शहराला पाणी पाजले. मिरजेत रेल्वेची पाणीव्यवस्था शाबूत आणि चालू स्थितीत नसती, तर नुसत्या वाघिणी असून उपयोग नव्हता. रोज लाखो लिटर पाणी उचलून गाडीत चढवायची सोय आठ दिवसांत नव्याने उभी करता येत नाही. मोटार, पाईप, टाकी, विहीर, सांभाळणारी माणसे असे सगळे असावे लागते, आणि ते आधीपासून असावे लागते.

मला यातून धडा दिसतो तो असा. जुनी वास्तू जपणे म्हणजे तिला रंग देऊन कुंपण घालणे नव्हे. तिचे मूळ काम तिला करता येईल अशा स्थितीत ठेवणे, हेही जपणेच आहे. किंबहुना दुष्काळी मुलखात तेच पहिले जपणे. गाळ काढलेली, कठडा शाबूत असलेली रेल्वेची विहीर ही स्मारकही असते आणि पाणीपुरवठाही.

एका अभियंत्याच्या दोन रेल्वे

पट्ट्याकडे येऊ. लातूर ते उस्मानाबाद हा मार्ग २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नॅरोगेजच्या काळात उस्मानाबाद शहराला रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन येडशी. नव्या आखणीत गाडी उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, नेण्यात आली. ही त्या शहराची जुनी मागणी होती आणि ती रास्त होती. पण त्यामुळे बार्शीकडून बालाघाट चढून रामलिंगच्या घाटाने येडशीला येणारा जुना मार्ग सुटला. लातुरातही नवे स्टेशन वेगळ्या ठिकाणी झाले आणि शहराच्या पोटातून जाणारा जुना पट्टा मोकळा पडला.

अशा मोकळ्या पट्ट्याचे काय करता येते, याचे उत्तर कॅलथ्रॉपच्याच दुसऱ्या रेल्वेने दिलेले आहे. बार्शीनंतर त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे उभारली. रुंदी तीच, अडीच फूट. विचार तोच, हलके रूळ आणि सारखा भार. म्हणजे ही बार्शी लाईटची धाकटी बहीण. १९०४ मध्ये ती सुरू झाली. दूध हा तिचा मुख्य माल. दुधाच्या मोटारी आल्या, दुग्धशाळा बंद पडली, आणि १९३४ मध्ये रेल्वे बंद झाली. रेल्वे कंपनीने तो पट्टा तिथल्या कौंटी कौन्सिलला देऊन टाकला. रूळ काढून त्यावर पायवाट केली आणि १९३७ मध्ये ती लोकांना खुली झाली. गाडी थांबल्यापासून तीन वर्षांत. आठ मैलांची ती वाट ‘मॅनिफोल्ड वे’ नावाने आजही आहे. त्यावर लोक चालतात, सायकली चालवतात, अपंगांच्या चाकखुर्च्या जातात, कारण रेल्वेचा चढ नेहमी सौम्य असतो. एका भागावर, बोगद्यासकट, मोटारींनाही वाट दिली आहे. एका टोकाच्या स्टेशनातली तिकीट कचेरी आता माहिती केंद्र आहे.

तीस वर्षे तोट्यात चाललेली आठ मैलांची रेल्वे मेल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लोकांच्या उपयोगी पडते आहे. तिची थोरली बहीण नव्वदहून अधिक वर्षे लातूरला पोसून गेली. पण लातूर शहरातला तिचा पट्टा आज रस्ता, दुकाने आणि पत्त्यातले नाव एवढ्यावर येऊन थांबला आहे.

रस्ता झाला हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. लातूरसारख्या वाढत्या शहराला रस्ता हवा होता, आणि रस्ताही सार्वजनिकच असतो. ज्यांनी तिथे टपऱ्या टाकल्या त्यांनाही दोष देववत नाही. मोकळी जागा दिसली की पोट तिथे जाते. माझा मुद्दा निराळा आहे. पट्टा मोकळा झाला त्या दिवशी शहरापुढे निवड होती: चालणाऱ्यांची वाट, झाडे, सायकली, शाळेत जाणारी मुले, खालून पाण्याची मोठी वाहिनी आणि बाजूने रस्ता, असे सगळे एका आखणीत बसवता आले असते. अशी निवड शहराला शंभर वर्षांत एकदा मिळते. ती करण्याआधी पट्ट्याचे तुकडे पडले, की मग फक्त उरलेल्या तुकड्यांची व्यवस्था लावणे हाती राहते.

पट्ट्याचे मोल त्याच्या अखंडपणात आहे. एखाद्या गावातली शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद जमीन म्हणजे एक प्लॉट. पण अशाच जमिनी एकाला एक जोडून वीस किलोमीटर, मध्ये एकही खंड नाही, चढ सौम्य, ओढ्यांवर मोऱ्या आणि पूल बांधलेले, अशी गोष्ट आज कोणत्याही सरकारला नव्याने मिळवायची तर भूसंपादनात पिढी जाईल. बार्शी लाईटसाठी ती एकदा मिळाली होती. मध्ये एक प्लॉट विकला, एक गोदाम उभे राहिले, एक भराव मुरमासाठी उकरून नेला, की बाकीच्या एकोणीस किलोमीटरचे मोलही उतरते. माळेतला दोरा तुटावा तसे.

अमेरिकेने हे कायद्यात आणले. १९८३ मध्ये तिथे अशी तरतूद झाली, की बंद पडणारा लोहमार्ग तोडून विकण्याऐवजी सार्वजनिक वाट म्हणून वापरायला द्यायचा, आणि पुढे कधी रेल्वेला गरज पडली तर तो परत घेण्याचा हक्क राखायचा. म्हणजे पट्टा बँकेत ठेवल्यासारखा. रेल्वेचे नुकसान नाही आणि लोकांना वाट मिळते. न्यूयॉर्क शहरात उंच खांबांवरून जाणारा मालगाडीचा मार्ग १९८० मध्ये बंद झाला. तो पाडण्याच्या गोष्टी चालल्या असताना रहिवाशांनी तो धरून ठेवला, आणि २००९ पासून त्यावर बाग आहे. आपल्याकडे रिकाम्या रेल्वे जमिनीचा विचार मुख्यतः उत्पन्नाच्या अंगाने होतो. २००५ मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यातून रेल्वे जमीन विकास प्राधिकरण उभे राहिले. रिकाम्या जमिनीचा व्यापारी विकास करून रेल्वेला उत्पन्न मिळवून देणे हे त्याचे काम. रेल्वेला पैसा लागतो, हे मान्य. पण रामलिंगच्या घाटातल्या भरावावर कोणी मॉल बांधणार नाही. जिथे बाजारभाव नाही, तिथे तरी लोकोपयोगाचा विचार आधी व्हायला हरकत नसावी.

महाराष्ट्रात चांगले उदाहरणही आहे. नागपूरला मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून चालू आहे. सातपुड्यातल्या नॅरोगेज जाळ्याची इंजिने, डबे, कंदील, टोकन यंत्रे तिथे मुलांना हाताळण्याइतक्या जवळून पाहता येतात. मराठवाड्यात नॅरोगेज, मीटरगेज, ब्रॉडगेज अशा तिन्हींचा इतिहास आहे. आणि आता लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखानाही आहे. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला. तिथे कामाला लागणाऱ्या मुलांना आपल्याच गावावरून शंभर वर्षांपूर्वी जगाने वाखाणलेले डबे धावत होते, हे सांगणारी एक खोलीसुद्धा लातुरात असू नये?

आधी पट्टा, मग पाणी, मग इमारत

करायचे काय, याबद्दल माझ्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली गोष्ट मोजणी. कुर्डुवाडी ते लातूर या जुन्या मार्गाचा, विशेषतः बार्शी ते येडशी या सुटलेल्या भागाचा, गाववार तक्ता व्हावा. कोणत्या गटाला लागून पट्टा जातो, रुंदी किती, मोऱ्या किती, पूल किती, कोणता भराव उकरला गेला. सातबारा, रेल्वेचे जुने जमीन-नकाशे आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून हे काम महाविद्यालयातले विद्यार्थी एका उन्हाळ्यात करू शकतील. जे मोजलेले असते ते सहजासहजी गायब होत नाही.

दुसरी गोष्ट, रामलिंगचा घाट. येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य आणि देवस्थान तिथे आहेच. सुटलेला लोहमार्ग ही तिथली तयार पायवाट आहे. डोंगर न फोडता, झाड न तोडता मिळालेली. वनखाते आणि रेल्वे यांनी बसून ठरवले, तर ‘मॅनिफोल्ड वे’ला आठ मैल लागले, आपल्याला आठ किलोमीटरही पुरतील. वनखात्याचे नियम पाळून, ठरलेल्या वेळी, पायी. एवढेच.

तिसरी गोष्ट, पाणी. नांदेड विभागातल्या आणि जुन्या बार्शी लाईटवरच्या प्रत्येक रेल्वे विहिरीची नोंद, खोली, उन्हाळ्यातली पातळी, कठड्याची स्थिती. जिथे रेल्वेला विहीर नको आहे, तिथे ती ग्रामपंचायतीला भाड्याने द्यावी; मालकी रेल्वेची राहू द्यावी. गाळ काढायचा खर्च टँकरच्या एका उन्हाळ्याच्या खर्चापुढे फार नाही, हे मोटार उतरवणारा माणूस म्हणून मी खात्रीने सांगतो. आणि जिथे पट्टा अजून अखंड आहे, तिथे तो उद्याच्या जलवाहिनीसाठी राखून ठेवावा. उजनीचे पाणी लातूरला आणण्याची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. ते कधी आणि कसे येईल हा राज्यकर्त्यांचा प्रश्न; पण पाईपला जमीन लागते, आणि बालाघाट चढताना पंपाला सौम्य, सरळ वाट मिळाली तर ती हवीच असते.

चौथी गोष्ट इमारती, आणि त्या शेवटी. पूर्णेसारख्या ठिकाणी वसाहतीतली एखादी शाबूत इमारत अभ्यासिकेला द्यावी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसायला जागा शोधत फिरणारी मुले नांदेड-लातूरमध्ये हजारोंनी आहेत. दगडी भिंती, उंच छत, आरपार वारा. उन्हाळ्यात वाचत बसायला याहून चांगली खोली पत्र्याच्या शेडात मिळत नाही. ज्या ओस चाळींत आज कोणी कुटुंबे राहतात, त्यांना आधी दुसरीकडे निवारा, मग वारसा. माणसे हुसकून उभे केलेले संग्रहालय मला नको.

या चारही गोष्टींत घाई फक्त पहिल्या दोन गोष्टींची आहे. विहीर दहा वर्षांनी उपसली तरी पाणी लागेल. भिंत पाच वर्षांनी दुरुस्त केली तरी उभी राहील. पट्टा मात्र रोज थोडा थोडा जातो: कुठे ट्रॅक्टरभर मुरूम, कुठे बांध सरकवून दोन फूट, कुठे दुकानाची पायरी. कोणी एकाने चोरलेला नसतो, म्हणून कोणाला धरताही येत नाही. इंग्लंडातल्या त्या परगण्याने गाडी थांबल्यावर तीन वर्षांत निर्णय घेतला. कुर्डुवाडीपर्यंतचे रुंदीकरण पुरे झाले २००८ मध्ये. हिशेब वाचकांनी करावा. बार्शी ते येडशी हा पट्टा पायाखाली घालून मोजायला कोणी तरुण तयार असतील, तर जुने नकाशे आणि फीत माझ्याकडे आहे.